मुखपृष्ठावरच्या बाईसाठी मुंबईला

वृंदाचा मला हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही.

वृंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन ती दादरला गेली, मी साताऱ्यालाच राहिले. आमचं औषधांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या माळ्यावर माझे जुने दिवाळी अंक. वाचायला नव्हे, मुखपृष्ठांसाठी. छापील फोटो येण्याआधी चित्रकार ही मुखपृष्ठं हातानं रंगवत असत. त्यातही 'झुंबर' या वार्षिकाच्या मुखपृष्ठांचा मला विशेष नाद. कोपऱ्यात नुसती 'शामराव' अशी सही असायची, आणि दरवर्षी एक बाई. कधी करंज्या मुरडणारी, कधी मुलाच्या अंगाला उटणं लावणारी. देवी नव्हे, नटी नव्हे, आपल्या शेजारच्या घरातली वाटावी अशी.

हा नाद वृंदाला मी लावला. एकदा ती माझ्याकडे राहायला आली असताना माळ्यावर चढली आणि तिथेच बसली. मुंबईला परत गेल्यावर तिनंही जमवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच माझ्या पुढे गेली. जाणारच. साताऱ्यात जुनी मासिकं रद्दीत निघतात ती कुणी म्हातारा माणूस गेल्यावर, आणि तीही सून परस्पर देऊन मोकळी होते. मुंबईत रद्दीवाल्याकडे मोबाइल असतो, त्यात ग्राहकांचा गट असतो, आणि तो 'पेंटिंगवाली' मासिकं वेगळी काढून त्यांचे फोटो पाठवतो. वृंदाला घरबसल्या मिळतं. मी नुसती तिच्या फोटोंखाली 'वा, सुंदर' असं लिहिते.

तिच्या आणि माझ्या संचात 'झुंबर'चा एकच अंक कमी होता, दोघींचाही तोच. त्या मुखपृष्ठावरची बाई शेवंतीची वेणी करते आहे. दोऱ्याचं टोक दातात धरलंय, आणि कुणीतरी दारात आल्यासारखी तिनं मान वर केली आहे. आमच्या घरी हा अंक होता. मी शाळेत होते तेव्हा एक पाहुणे गाडीत वाचायला म्हणून घेऊन गेले, ते गेलेच. तेव्हापासून ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो अंक वृंदाच्या आधी मला मिळायला हवा होता. म्हणून दसरा झाल्यावर दुकान नवऱ्यावर सोपवून मी मुंबईला निघाले.

दादर

बस दादरला सोडते. वृंदा न्यायला आली होती, कपाळावर घाम, हातात झेंडूची पिशवी. दसरा होऊन गेला तरी फुलबाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि ऑक्टोबरचं ऊन असं की झेंडूही दमलेला दिसत होता. साताऱ्यात या दिवसांत सकाळी अंगावर शाल लागते. मी तसं म्हणाले. वृंदा म्हणाली, "हो ना, तुमच्याकडे हवा छान." माझ्याकडे छान असं तिला एवढंच सापडलं.

मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याची खोली तिनं अंकांना दिली आहे. लोखंडी मांडणी, प्रत्येक अंक स्वतंत्र पाकिटात, आडवा ठेवलेला, म्हणजे कणा मोडत नाही. कोपऱ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या. खिडकीला दुहेरी पडदा. माझ्या माळ्यावर अंकांशेजारी खोकल्याच्या औषधांची खोकी असतात आणि वर कौलं. मी त्या खोलीत उभी राहिले आणि माझ्या पोटात दुखू लागलं. खरंच दुखत होतं. वृंदानं विचारलं, प्रवास बाधला का. मी ओवा मागितला.

जेवायला तिनं कोलंबीचं कालवण आणि सोलकढी केली होती. तिच्या सासरचं कालवण आमच्या घाटी रश्श्याहून पातळ आणि आंबट असतं. मला ते फार आवडतं आणि तेही मला तिच्यापाशी कबूल करवत नाही. जेवताना बोलता बोलता मी सहज विचारलं, वेणीवाली बाई कुठे दिसली का. ती म्हणाली, छे गं, कुठली. आणि तिनं माझ्या पानात आणखी कालवण वाढलं. विषय बदलायचा असला की ती वाढते, हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरगावात गेलो. मोठ्या रस्त्यावर नव्या इमारतींचा धुरळा आणि भोंगे, पण आतल्या गल्लीत वळलं की एकदम आवाज कमी होतो आणि कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी बसल्याचं कळतं. एका वाडीच्या तळमजल्यावर पुस्तकं बांधणाऱ्या एका काकांचं दुकान होतं. वृंदाला ते नावानं ओळखत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि मला स्टूल.

पूर्वी फिरत्या वाचनालयांची कामं त्यांच्याकडे येत. वाचनालयं बंद पडली तेव्हा कितीतरी बांधीव गठ्ठे कुणी न्यायलाच आलं नाही. मी स्टुलावर बसून एकेक गठ्ठा उघडत होते. एकात 'झुंबर' निघाला. पानांच्या डोक्यावर साल होतं, तेच साल, वेणीवालीचं. मी उलटं गेले, पहिल्या पानापर्यंत गेले. संपादकीय होतं, अनुक्रमणिका होती. मुखपृष्ठ नव्हतं.

काकांना विचारलं तर त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा-सात अंक एकत्र बांधायचे तर मधली जाड मुखपृष्ठं आड येतात, शिलाई नीट बसत नाही, म्हणून ती आधी फाडून काढायची, अशी पद्धतच होती. काढलेल्या मुखपृष्ठांचं काय करत, असं विचारल्यावर ते म्हणाले, चिकटवायची खळ ढवळताना भांड्याखाली घ्यायचो.

वृंदानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात झटकावासा वाटला, कारण माझ्या हाती लागलं नाही याचं तिला दुःख झालं नव्हतं आणि झालं असतं तर मी तिला ओळखलंच नसतं.

बाहेर येऊन आम्ही साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. पियूष आमच्याकडे मिळत नाही. श्रीखंड पातळ करून प्यायचं ही कल्पना साताऱ्याला अजून पटलेली नाही. वडा तोंडात असतानाच वृंदाचा फोन वाजला. ती उठून बाहेर फुटपाथवर गेली. वृंदाला मुलाचा फोन येवो, डॉक्टरांचा येवो, बसल्या जागी बोलते. मी काचेतून बघत होते. ती "हो, हो" असं म्हणत होती आणि तिच्या पायाचा अंगठा चपलेत वरखाली होत होता. परत आल्यावर म्हणाली, "परळचा रद्दीवाला होता. काही नाही, वर्तमानपत्रं नेऊ का विचारत होता."

संध्याकाळी तिनं मला चौपाटीवर नेलं. समुद्र छान होता. मी बघितला नाही.

लालबाग

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर वृंदा म्हणाली, "तू आज आराम कर. काल फार चाललो. मी जरा लालबागला जाऊन येते, एक ओळखीच्या बाई आजारी आहेत."

मी म्हणाले, "मीही येते. मला चिवडा घ्यायचाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग ती हसली आणि मला वाटतं तिला थोडं बरंही वाटलं असावं, कारण ती लगेच सगळं बोलून गेली. लालबागच्या एका चाळीत नलूताई म्हणून एक बाई होत्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, त्यांना दिवाळी अंकांचा शौक. आता चाळ पाडून टॉवर होणार, महिनाभरात जागा रिकामी करायची, म्हणून त्या सगळं काढत होत्या. रद्दीवाल्यानं गठ्ठ्याचा फोटो पाठवला होता. फोटो अंधुक होता. पण कडेला शेवंतीचा पिवळा रंग दिसत होता.

आम्ही टॅक्सी केली. जुन्या अंकांच्या जगात एक रीत आहे, ती वृंदालाही माहीत आहे आणि मलाही. गठ्ठ्यात ज्याचा हात अंकावर आधी पडतो, अंक त्याचा. तो हात काढेपर्यंत दुसऱ्यानं ब्र काढायचा नाही. हात काढला की मग दुसऱ्याचा. इथे भांडण नाही, बोली नाही, मैत्री नाही.

मसाल्याच्या गल्लीतून जाताना मला शिंकांवर शिंका येऊ लागल्या. दोन्ही बाजूंना यंत्रं मिरच्या कुटत होती आणि कुटणाऱ्या बायका नाकाला काहीही न बांधता गप्पा मारत होत्या. मी पदर नाकाशी धरून थांबले, डोळ्यांतून पाणी. वृंदा पुढे निघून गेली. मैत्रीण म्हणून तिनं थांबायला हवं होतं. मीही थांबले नसते.

चाळीचा जिना लाकडी आणि उभा. मी वर पोचले तेव्हा वृंदा आत बसलेली होती. नलूताई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, नऊवारी नव्हे तर फुलाफुलांचा गाऊन, आणि केसांत मात्र अबोलीचा गजरा. खोलीत खोकी बांधून ठेवलेली. त्यांनी मलाही बसवलं, कुठल्या म्हणून विचारलं. सातारा म्हटल्यावर म्हणाल्या की त्यांच्या यजमानांचा एक जोडीदार सातारचा होता, फार खायचा. चहा पुढे आला आणि गठ्ठाही.

वृंदानं सुतळी सोडली. तिसरा की चौथा अंक उचलला, आणि ती बाई वर आली. दातात दोरा, मान वर, माझ्याकडे बघणारी. रंग जराही उडाले नव्हते. वृंदाचा हात तिच्यावर होता. मी कप खाली ठेवला. बालपणापासून मी जिची वाट पाहत होते ती दुसऱ्याच्या हातात, आणि मला ब्र काढायची सोय नाही.

मग वृंदानं ते केलं जे आम्ही सगळेच जमवणारे करतो. तिनं मुखपृष्ठ खिडकीच्या उजेडासमोर धरलं, कागदाची परीक्षा करायला. चष्मा तिनं कपाळावर सरकवलेला होता. उजेड कागदातून आरपार आला, शेकडो बारीक भोकांतून.

"ई, कसर लागलीय," असं म्हणून तिनं अंक झटकन खाली ठेवला आणि बोटं पदराला पुसली.

कसर म्हणजे कागद खाणारा किडा. एक कसर लागलेला अंक घरात आणला तर तो शेजारच्या दहा अंकांना लागतो, म्हणून जमवणारा त्याला हात लावत नाही, कितीही दुर्मिळ असो. वृंदाच्या त्या खोलीत, त्या पाकिटांत, तो जाणं शक्यच नव्हतं. माझा माळा तसाही खोकल्याच्या औषधांचा. मी हात पुढे केला आणि पंजा पसरून त्या बाईच्या चेहऱ्यावर ठेवला.

नलूताई हसू लागल्या. त्यांचं हसणं बराच वेळ थांबेना.

"तां कसर नाय गो," त्या वृंदाला म्हणाल्या. "माजी सुई ती."

त्यांनी अंक माझ्या हाताखालून घेतला. लग्न होऊन त्या कोकणातून या खोलीत आल्या ती पहिलीच दिवाळी, आणि यजमानांनी हा अंक आणला होता. चाळीत दारापुढे जागा एवढीशी, अंकाएवढीच. शेजारणी ठिपक्यांच्या रांगोळ्या काढत. नलूताईंना ही बाई दारात बसवायची होती. भरतकामाला नक्षी उतरवतात तशी त्यांनी सुईनं तिच्या रेषेरेषेवर भोकं पाडली, नाक, डोळे, वेणी, दोरा सगळं. सांगता सांगताच त्या उठल्या, अंकापासून सुटं झालेलं मुखपृष्ठ दारापुढच्या लादीवर पसरलं, वर बारीक रांगोळी टाकून फडक्याच्या बोळ्यानं फिरवली आणि कागद अलगद उचलला. खाली ठिपक्यांची बाई होती. मग त्यांनी चिमटीतून रंग सोडायला सुरुवात केली. कपाळ, गाल, ओठांत दोरा. शेवटी डोळ्यांत काळा टिपका ठेवला तेव्हा वृंदाच्या तोंडून आवाज निघाला.

मी वृंदाकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. इतकी वर्षं जो चेहरा मी आरशात बघत होते, तो आज तिच्या धडावर होता. तिनं हात काढला होता. आपल्याच तोंडानं कसर म्हणाली होती. मला इतका आनंद झाला की मी दुसरा कप चहा मागितला.

नलूताईंना विचारलं, खरंच देता का. त्या म्हणाल्या, "माका आता कित्याक? नव्या जागेत दार उघडला की समोर लिफ्ट." मग त्यांनी अंक झटकून माझ्या हातात दिला. "पण तिका कपाटात घालू नको. दिवाळीक एकदा तरी घाल. बस हयसर, रंग भरूक शिकवतंय. जेवूनच जा, बांगडे आणलंय."

मी म्हणाले, बस आहे. बस संध्याकाळची होती. पण अंक हातात होता, आणि माणसाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. त्यातून म्हातारं माणूस, त्यातून घर सोडणारं. शिवाय वृंदा अजून जागची हलली नव्हती. मी पिशवीत अंक घातला, पिशवी पदराखाली घेतली आणि नमस्कार करून जिना उतरले. वृंदा म्हणाली, तू हो पुढे, मी थांबते जरा. मी मनात म्हणाले, थांब, बाकीच्या गठ्ठ्यातलं वेच.

चिवडा मात्र मी घेतला, तिखट आणि गोड दोन्ही. मिरच्यांच्या गल्लीतून परत गेले आणि एकही शिंक आली नाही.

सातारा, दिवाळी

घरी आल्यावर मी संच मांडला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही खंड नाही. नवऱ्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, छान, आणि खाली दुकानात गेला.

नरक चतुर्दशीला पहाटे मी मुखपृष्ठ पाकिटातून काढलं. नलूताईंनी बजावलं होतं म्हणूनच, नाहीतर माझी छाती झाली नसती. दारापुढे पसरलं, रांगोळी टाकली, बोळा फिरवला. ठिपके उमटले. मग रंग भरायला घेतला आणि पहिल्या चिमटीतच गालावर ढीग पडला. तो सारखा करायला गेले तर नाक पुसलं गेलं. दोरा मिशीसारखा दिसू लागला. नवरा अभ्यंगस्नान करून बाहेर आला, उंबऱ्यात थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कुणावर चिडलीय का ही?"

फराळाचं ताट घेऊन बसले आणि वृंदाचा फोटो आला.

दादरच्या तिच्या जिन्यासमोरची सगळी मोकळी जागा व्यापून ती बाई बसली होती. वेणी, दोरा, वर झालेली मान, अंकावर होती त्याच्या चौपट मोठी. रंग नुकता भरलेला, ओला वाटावा असा. शेजारी फतकल मारून नलूताई, आणि त्यांच्या शेजारी वृंदा, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. वृंदा कॅमेऱ्याकडे बघतही नव्हती.

मी लगेच फोन लावला. त्या दिवशी वृंदा लालबागला जेवली, पुन्हा गेली, मग त्यांच्या नव्या भाड्याच्या जागेत सामान लावायला गेली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी नलूताई तिच्याकडे येतात, तिला रंग सोडायला शिकवतात. सकाळी त्यांनीच पोहे केले होते, कोकणातल्यासारखे पाच प्रकारचे, गुळाचे, दह्याचे, ताकाचे. पलीकडून त्यांचा आवाज येत होता. साताऱ्याची काय म्हणता गो, असं त्या विचारत होत्या.

मी विचारलं, कागदाशिवाय काढली कशी?

वृंदा म्हणाली, "अगं, त्यांना कागद कधीचाच लागत नाही. एवढ्या दिवाळ्या हातातून गेल्यात. म्हणून तर तुला दिला."

मी फराळ आवरला. दारातली बाई वाऱ्यानं आणखी विस्कटली होती, ती झाडून घेतली. मुखपृष्ठ फडक्यानं पुसून पाकिटात घातलं आणि संचात जागच्या जागी ठेवलं. आता मला एकही अंक शोधायचा उरलेला नाही, आणि वृंदाचा इतका हेवा मला जन्मात कधी वाटला नव्हता.